बदक विचारत होतं

चौगुले काका शहाळं घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा आमच्या आत्तीला दमा नव्हता. त्याआधी नव्हता आणि नंतरही झाला नाही. त्या खाटेवर मांडी घालून निवांत मिश्री लावत बसल्या होत्या.

सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. मी दाराच्या भोकातून बाहेर बघितलं आणि तशीच आत पळाले.

"आत्ती, सेक्रेटरी आलेत! आडव्या व्हा!"

"का? कोन मेलं?"

"तुम्हाला दमा आहे!"

"मला?"

"ह्यांनी सांगून ठेवलंय बिल्डिंगमध्ये. लवकर! धाप लावा!"

आत्तींनी मिश्रीचं बोट लुगड्याला पुसलं, वाकळ गळ्यापर्यंत ओढली आणि धाप लावली. जन्मात त्यांनी दमेकरी बघितला नसावा. त्यांनी जो आवाज काढला, तो विताना अडलेल्या म्हशीचा होता.

चौगुले काका आत आले. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, शहाळं दोन्ही हातांत कलशासारखं धरलेलं. खुर्चीवर बसून त्यांनी आत्तींचा तो हंबरडा लक्ष देऊन ऐकला.

"आवाज वेगळा आहे," ते म्हणाले. "माझ्या थोरल्या भावाला होता दमा. तो शिट्टीसारखा वाजायचा."

"ह्यांचा गावाकडचा आहे," मी म्हटलं.

आत्तींनी ताबडतोब शिट्टी सुरू केली.

काकांची नजर खाटेच्या पायथ्याशी गेली. तिथं स्टुलावर थर्माकोलचा खोका होता, वर टॉवेल. खोक्यातून निघालेली वायर गॅलरीतून बाहेर पडून, वरच्या मजल्यावर, खुद्द चौगुले काकांच्या इन्व्हर्टरला जाऊन मिळत होती.

"हेच का ते मशीन?"

"हो."

"नळी दिसत नाही कुठं."

"वाफ आपोआप पसरते, काका."

तेवढ्यात खोका बोलला.

"चिक."

मी खोकले. आत्ती खोकल्या. खोका थांबला नाही. "चिक, चिक."

काका पुढं वाकले, आत्तींच्या छातीजवळ कान नेला आणि काळजीनं म्हणाले, "फारच बारीक आवाज येतोय हो आतून."

हे सगळं इथवर कसं आलं, ते आधी सांगायला पाहिजे.

आत्तींचं गाव पाटणच्या पलीकडं डोंगरात, तळ्याची वाडी. दहा-बारा घरं, मध्ये तळं, तळ्याच्या कडेला आत्तींचं घर. सासरे गेल्यावर त्या एकट्याच. म्हणजे एकट्या म्हणायचं, पण अंगणात कोंबड्या इतक्या की पाय ठेवायचा झाला तर आधी विचारून ठेवावा लागायचा. त्या साली तळ्याच्या पायरीवरून पाय घसरला, कंबर धरली, आणि आमचे हे जाऊन त्यांना इचलकरंजीला घेऊन आले. हे म्हणजे शिरपती. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करायचा. त्यामुळं लोखंडाशी तासन्‌तास बोलायचे आणि माणसांशी कामापुरतं.

कोंबड्या शेजारच्या अनसूकडं ठेवल्या. आत्तींनी सोबत आणलं ते एक काठी, एक डालगं आणि तांबड्या कोंबडीची अंडी, मडक्यात भुसा घालून, त्यात एक कोळसा आणि एक खिळा टाकून. वीज कडाडली तर अंडी नासतात, खिळा असला की नासत नाहीत. डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली. दिवे लागायच्या वेळेला कोंबड्या हाकून त्याखाली कोंडायच्या, ह्याला डालणं म्हणतात.

आता दुसऱ्या मजल्यावर कोंबड्या कुठल्या? पण संध्याकाळ झाली की आत्तींना बसवायचंच नाही. काठी टेकत उठायच्या, दाराशी जायच्या, तिथं आमच्या चपला विस्कटलेल्या असायच्या. "चला, चला, घरात व्हा," म्हणत त्या एकेक चप्पल गोळा करायच्या, त्यावर डालगं पालथं घालायच्या आणि वर वरवंटा ठेवायच्या. मग कुठं त्यांच्या जिवाला स्वस्थता यायची. पहिल्या दिवशी हे पहिल्या पाळीला अनवाणी गेले. एकदा चौगुले काका मेन्टेनन्सची पावती द्यायला आले आणि बोलत बसले. तोवर दिवेलागण झाली. काकांच्याही चपला डालल्या गेल्या. त्यांनी सगळे जिने शोधले आणि बोर्डावर सूचना लावली की इमारतीत भुरटे चोर शिरले आहेत. आत्तींनी मला सूचना वाचून दाखवायला लावली. म्हणाल्या, "बाई बाई, काय मेलं शहर!"

पण चपला अंडी घालत नाहीत. आत्तींचं जेवण कमी झालं. गॅलरीत बसून त्या समोरच्या कारखान्याच्या पत्र्याकडं बघत राहायच्या. एक दिवस ह्यांना म्हणाल्या, "शिरप्या, पैज लाव."

"कसली?"

"ही अंडी आनल्यात न्हवं? पिल्लं निघाली तर मी हितं ऱ्हाते, जलमभर. न्हाय निघाली तर मला वाडीला सोडायचं. मंग तोंड वाकडं करायचं न्हाय."

ह्यांनी मडक्यात डोकावलं. "कोंबडी कुठं आहे उबवायला? सेक्रेटरी कोंबडी ठेवू देणार नाही."

"ते तू बघ. तू जॉबर हाईस."

इथंच ते फसले. जॉबरला तू हे करू शकणार नाहीस असं सांगितलं की तो जेवण सोडून ते करतो. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा खोका आला, चाळीसचा बल्ब आला, थर्मामीटर आला, पाण्याची वाटी आली. आत्तींनी प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला आपल्या चुलीतल्या कोळशाचा ठिपका लावला. ठिपका सकाळी वर, संध्याकाळी खाली, म्हणजे अंडं फिरवल्याचं कळतं. मडक्यातला भुसा आणि खिळाही खोक्यात ठेवला. हे म्हणाले, थर्माकोलवर वीज पडत नाही. आत्ती म्हणाल्या, विजंला ठावं हाय व्हय ते?

वीज पडली नाही, पण वीज गेली. लोडशेडिंगचे दिवस. रोज बल्ब विझायचा आणि आत्ती खोका मांडीवर घेऊन वाकळ पांघरून बसायच्या. आख्ख्या इमारतीत इन्व्हर्टर एकट्या चौगुले काकांकडं. पण काका कडक जैन. अंडं हा शब्दसुद्धा तोंडात घ्यायचे नाहीत, 'ते' म्हणायचे. त्यांना कसं सांगणार की 'ते' उबवायला करंट द्या? म्हणून ह्यांनी आत्तींना दमा लावला. चौगुले काकांनी त्याच दुपारी स्वतः शिडीवर चढून वायर ओढून दिली. माणूस फार चांगला. त्यामुळं तर जास्तच लाज वाटायची.

मी एकदा टॉर्चवर अंडं धरून बघितलं. माझ्या माहेरी बघायचे तसं. जीव धरलेल्या अंड्यात लाल शिरा दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. ह्यात काही नव्हतं. दुसरं बघितलं. तेही पिवळं, स्वच्छ. सगळी तसलीच.

आता माझी गोष्ट अशी होती. आत्ती यायच्या आधी दिवसभर घरात मी आणि समोरच्या मागांचा खडखडाट. ह्यांना विचारलं, भाजीत मीठ आहे का, तर म्हणायचे, "हं." आत्ती आल्यापासून मिठावरून भांडण, पदरावरून भांडण, मी तांदूळ किती वेळा धुते त्यावरून भांडण. सकाळी उठल्यावर आज कशावरून, ह्याची उत्सुकता असायची. हे मी त्यांना कधी बोलले नाही. बोलायची गोष्टच नव्हती ती.

मी रिक्षा करून शहापूरला माझ्या मावशीकडं गेले. तिची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून बरेच दिवस झाले होते. तिच्याखालचं एक अंडं रुमालात गुंडाळून पोटाशी धरून आणलं, आत्ती अंघोळीला गेल्या तेव्हा एक त्यांचं काढलं आणि एक माझं ठेवलं. ठिपका द्यायला कोळसा सापडेना, म्हणून काजळाच्या डबीत बोट बुडवलं.

त्याच आठवड्यात आत्ती एक अंडं हातात घेऊन तोलत बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून नाकाजवळ धरलेलं.

"शिरप्या, हे अंडं थोराड वाटतंया रं."

"बल्बच्या उष्णतेनं फुगतंय, आये," हे वर न बघता म्हणाले.

मला पटलं. मी दहावी पास. उष्णतेनं वस्तू प्रसरण पावतात हे विज्ञानात होतं.

तर, काकांचा कान आत्तींच्या छातीशी आणि खोका चिकचिकतोय.

आत्तींनाच ते सहन झालं नाही. त्यांनी शिट्टी थांबवली, वाकळ फेकली आणि उठून टॉवेल ओढला. खोक्यात बल्बच्या उजेडात एक अंडं टिचलेलं, आणि त्यातून ओली, चिपाडासारखी मान बाहेर. जरा जोर लावायची, थांबायची, दम घ्यायची. दमा असलाच तर तो त्या खोक्यात होता.

चौगुले काका उभे राहिले. "हे... हे म्हणजे 'ते'?"

मी मान खाली घातली.

"माझ्या इन्व्हर्टरवर?"

"हो, काका."

ते खोक्यावर वाकले. मग हळूच म्हणाले, "ह्यात जीव गेला का आला?"

"आला," आत्ती म्हणाल्या. "बघा की, आत्ताच आला."

"मग हरकत नाही," काका म्हणाले आणि खुर्ची खोक्याजवळ ओढून बसले. कवच सुटून पिल्लू भुशावर लोळेपर्यंत ते हलले नाहीत. मग शहाळं मलाच फोडायला सांगितलं आणि रोग्यासाठी आणलेलं शहाळं स्वतःच प्यायले. जाताना दारात म्हणाले, "हे मी बघितलेलं नाही. पण उद्या किती वाजता येऊ?"

मी आत आले तर आत्ती पिल्लाकडं बघत नव्हत्या. त्यांच्या हातात रिकामं कवच होतं आणि चेहरा असा, की पत्त्यांत नको ते पान आलंय.

संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा दुसरं अंडं फुटत होतं. ते थोराड. आम्ही तिघंही खोक्याभोवती. आतून आली ती चोच नव्हती, पळी होती. रुंद, चपटी, पिवळी. मागोमाग पाय आले, बोटांच्या मध्ये कातडं असलेले.

"हे काय?" मी म्हटलं.

"बदक," आत्ती म्हणाल्या. "तांबडीला बदक झालं."

हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले.

आत्तींनी मोठं कवच उचललं, ठिपक्यावर अंगठा घासला, नाकाशी नेला. "ग्रीस. मागाचं ग्रीस हाय हे. शिरप्या, हे मला तवाच कळलं हुतं. आरं गाढवा, अंडं कुटं फुगतं व्हय?"

"कारखान्यातल्या मेस्त्रीच्या घरी कोंबडीखाली ठेवलेली होती बदकाची," हे पुटपुटले. "तुझी बिघडलेली वाटली. मी टॉर्चवर बघितली."

म्हणजे तेही चोरून टॉर्च मारत होते. एका घरात, एका खोक्यावर, दोघंही.

मग आत्तींनी दुसरं कवच पुढं केलं. ठिपका घासला. अंगठाभर काळं पसरलं. "कोळसा असा पसरत न्हाय. आन् ग्रीसबी न्हाय ह्ये." त्यांनी वर बघितलं. आधी माझ्या हाताकडं, मग सरळ माझ्या डोळ्यांकडं. काजळ घातलेल्या.

"तू?"

मी मान डोलावली.

"लेकाचं मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "तुजं न्हवतं ठावं, मालन. मला वाटलं, मी गेले की तू पेढं वाटशील."

"वाटलेही असते," मी म्हटलं. "पण दुसऱ्या दिवशी भांडू कुणाशी?"

आत्तींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या का काय, ते कळू दिलं नाही.

ह्यांनी राहिलेली अंडी एकेक करून कानाजवळ हलवली. "आये, तुझं एकही नाही निघालं."

"निघंल कसं? कोंबडाच न्हवता. जत्रंला कापला. तवापासनं तांबडी आपली मोकळीच अंडी घालती."

ह्यांनी हातातलं अंडं खाली ठेवलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," हे म्हणाले. "तुला हरायचंच होतं."

"मंग काय करू? एवडं खांद्यावर घालून आनलंस, पैलं दूध मला, गादी मला. लेकाला तोंडावर कसं सांगायचं, तुज्याकडं करमत न्हाय म्हून? म्हटलं, अंड्यांनी सांगावं."

हे उठले, बेसिनवर जाऊन तोंड धुतलं, परत आले. "पण हरलीस तू."

"व्हय. ऱ्हाईन. शब्द म्हंजे शब्द."

दिवे लागले. आत्ती काठी घेऊन उठल्या. पिल्लू आणि बदक दोन्ही उचलून डालग्याखाली ठेवली. मग जरा थांबल्या, दाराशी गेल्या आणि सवयीनं आमच्या चपलाही आणून त्यांच्याशेजारी डालल्या. सगळं घर एका डालग्याखाली.

बदक तीन-चार दिवसांत मोरीत राहायला लागलं. बादली भरायला लावली की पळत यायचं, तांब्याभोवती फेऱ्या मारायचं, सांडलेल्या पाण्यात पोट टेकून पाय मारायचं आणि जागच्या जागी राहायचं. चौगुले काका रोज चहाच्या वेळी येऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसायचे आणि त्याला ज्वारी घालायचे. आत्तीही तिथंच बसायच्या, हनुवटी काठीवर.

"तळं पायजे ह्याला," एक दिवस त्या म्हणाल्या. बाकी काही नाही.

हे दाढी करत होते. रेझर थांबला. आरशात बघतच म्हणाले, "हो. इथं त्याचे हाल होतात."

"व्हय की."

"वाडीला सोडायला पाहिजे तळ्यावर."

"पर एवडंसं हाय," आत्ती म्हणाल्या. "एकलं कसं सोडायचं?"

"तू जा त्याच्यासोबत," हे म्हणाले. अर्ध्या तोंडाला साबण, आणि अर्धं तोंड असं झालेलं, की मी बघायचं टाळलं. "पैज पैजेच्या जागी. बदकाचं कोण बघणार?"

तळ्याच्या वाडीला एसटी जात नाही. शेवटचा चढ आम्ही चालत गेलो. आत्ती पुढं, काठी नाममात्र टेकत. आम्ही मागं, पिल्लू आणि बदकाचा खोका धरून. तळ्याशी खोका उघडला. बदक जरा वेळ काठावर उभं राहिलं, आमच्याकडं बघितलं आणि पाण्यात शिरलं. मोरीत जागच्या जागी पाय मारणारं ते, आता एका दमात मधोमध. आत्तींनी अनसूच्या अंगणाकडं तोंड करून हाक दिली, "आ आ आ, ये ये ये!" आणि कुठून कुठून कोंबड्या धावत आल्या. तो आवाज मी इचलकरंजीत एकदाही ऐकला नव्हता.

निघताना त्या दारापर्यंतही आल्या नाहीत. कोंबड्या डालत होत्या.

घरी आलो. डालगं वाडीला गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला हे उठले, दाराशी विस्कटलेल्या चपला जोडीनं लावल्या, जरा वेळ त्यांच्याकडं बघत उभे राहिले. मग रोजच लावायला लागले.

अनसूच्या मुलाच्या मोबाइलवरून रविवारी आत्तींचा फोन यायचा. करमत नाही, या, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. आधी मिठावरून माझी खबर घ्यायच्या. माझ्या पिल्लाचा कोंबडा झाला होता, नाव काजळ्या, आता वाडीतलं एक अंडं वाया जात नाही म्हणून सांगायच्या. ठेवता ठेवता म्हणायच्या, "आन् बदक विचारत हुतं."

"काय विचारत होतं?" मी मुद्दाम म्हणायचे.

"मी काय त्येची भाषा जानते? बघतं आपलं वाटंकडं."

मग सुट्टी काढून आम्ही जायचो. ह्यांनी एका दिवाळीला कधी नाही ते स्वतःहून फोन लावला. बोलायला काही सुचेना, तर म्हणाले, "आये, बदक काय म्हणतंय?" आणि ती दोघं माय-लेकरं त्या बदकाच्या तब्येतीवर अर्धा तास बोलली. चौगुले काकासुद्धा जिन्यात भेटले की आधी तेच विचारायचे.

अशी बरीच वर्षं गेली. एका सकाळी, रविवार नव्हता, अनसूचा फोन आला. ह्यांनी घेतला.  "कधी?" म्हणाले. मग नुसतं, "हं. हं." मी समोर उभी. पलीकडून अनसू रडत रडत सांगत होती ते मला ऐकू येत होतं. काल दिवेलागणीला कोंबड्या डालल्या, आणि रात्री झोपेतच. कोंबड्या मी घेते, भाऊजी, तिची काठी कोपऱ्यात ठेवलीय. मग तिनं नाक ओढलं.

"आन् भाऊजी, बदक सकाळधरनं तिच्या दाराम्होरं बसलंया. हाकललं तरी जात न्हाय. त्येचं काय करू?"

  ह्यांनी दाराशी जोडीनं लावलेल्या चपलांकडं बघितलं.

"त्याला सांग," ते म्हणाले, "निघालोय."